पाटणचा काष्ठमंडप आणि आपले जुने लाकूड

श्री संघाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी व्यवसायाने कापड दुकानदार. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्याच आठवड्यात वडिलांच्या गादीवर बसलो. इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे, आवडीचा मात्र आहे. परंतु गेली अनेक वर्षे एक गोष्ट मनात घर करून बसली आहे आणि ती सांगण्यास याहून योग्य प्रसंग मिळणार नाही, असे वाटल्यामुळे लेखणी हाती घेतली. विषय आहे एका लाकडी मंडपाचा. तो मंडप सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी गुजरातमधील पाटण येथे भगवान पार्श्वनाथांच्या मंदिरात उभा राहिला आणि आज तो अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या एका संग्रहालयात आहे.

काष्ठाची प्राचीन परंपरा

जैन मंदिर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगमरवर येतो. आबूचे देलवाडा, राणकपूर, शत्रुंजय ही नावे घेताच शुभ्र पाषाण आठवतो. परंतु आपली परंपरा पाषाणाइतकीच काष्ठाशीही निगडित आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे.

भगवान महावीर विद्यमान असतानाच त्यांची एक प्रतिमा घडविली गेली आणि ती चंदनकाष्ठाची होती, असे आपले ग्रंथ सांगतात. सिंधुसौवीर देशाच्या वीतभयपत्तन नगरीत राजा उदायन आणि राणी प्रभावती यांनी तिची पूजा केली, ही कथा आपण व्याख्यानांत ऐकलेली असते. हीच जीवंतस्वामींची प्रतिमा. मुकुट आणि अलंकार धारण केलेले, दीक्षेपूर्वीचे राजकुमार वर्धमान असे तिचे रूप. ती काष्ठप्रतिमा आज नाही, परंतु त्याच रूपाची सहाव्या शतकातील धातुप्रतिमा बडोद्याजवळील अकोटा येथे सापडली आणि ती बडोद्याच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. म्हणजे परंपरेनुसार पहिली जिनप्रतिमा लाकडाची होती.

पुढे प्रतिमा पाषाणाच्या आणि धातूच्या झाल्या, यामागे एक साधे व्यवहारी कारण आहे. आपल्याकडे प्रतिमेची नित्य प्रक्षालपूजा होते. रोज पाणी आणि दूध पडल्यावर लाकूड टिकणार कसे? त्यामुळे मूलनायक पाषाणाचे वा पंचधातूचे झाले आणि लाकूड राहिले ते मंडपात, घुमटात, स्तंभांत, द्वारशाखांत आणि श्रावकांच्या घरदेरासरांत. संग्रहालयांत जैन काष्ठशिल्पे पुष्कळ आढळतात, पण लाकडी जिनप्रतिमा मात्र क्वचितच दिसते, याचा उलगडा यातून होतो.

लाकडाला दुसरा धोका अग्नीचा. मेरुतुंगसूरींनी विक्रम संवत १३६१ मध्ये रचलेल्या प्रबंधचिंतामणी या ग्रंथात मंत्री उदयन यांची कथा आहे. सौराष्ट्राच्या मोहिमेवर निघालेले उदयन मंत्री शत्रुंजयावर भगवान आदिनाथांच्या दर्शनास गेले. त्या काळी ते मंदिर लाकडाचे होते. मंत्री ध्यानात असताना एक उंदीर दिव्याची जळती वात तोंडात धरून आपल्या बिळाकडे निघाला. पुजाऱ्यांनी ती वात सोडविली, पण मंत्र्यांच्या मनात काळजीने घर केले. कधीतरी असेच हे मंदिर भस्मसात होईल! त्यांनी पाषाणाचे मंदिर बांधण्याचा अभिग्रह घेतला. पुढे रणांगणावर त्यांना वीरमरण आले आणि तो संकल्प त्यांचे सुपुत्र वाग्भट यांनी महाराजा कुमारपाळांच्या राजवटीत, बाराव्या शतकाच्या मध्यास पूर्ण केला.

ही कथा मुद्दाम सविस्तर सांगितली. लाकडाच्या जागी पाषाण आणणे हे आपल्या पूर्वजांनी भक्तीपोटी केले, त्यात दोष नाही. जीर्णोद्धार हे मोठे पुण्यकार्य होय, नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे फळ कितीतरी अधिक, असे शास्त्रकार सांगतात. प्रश्न आहे तो वेगळाच. नवे उभारताना जुन्याचे आपण काय करतो?

झवेरीवाड्यातील मंदिर

अणहिलवाड पाटण ही वनराज चावड्याने वसविलेली आणि सोळंकी राजांनी वैभवाला नेलेली नगरी. सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाळ यांची ही राजधानी. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी आपली ग्रंथरचना येथेच केली. इ. स. १४११ मध्ये अहमदाबादची स्थापना झाली आणि राजधानी तेथे गेली, तरी पाटणचे जैन श्रेष्ठी, तेथील ज्ञानभांडारे आणि देरासरे यांचे महत्त्व कमी झाले नाही. आम्हा कापडवाल्यांना पाटण ठाऊक असते ते पटोळ्यासाठी. पटोळे विणणारे साळवी कारागीर कुमारपाळ राजाने आपल्या जालन्याहून पाटणला नेऊन वसविले, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९४९ मधील विलीनीकरणापर्यंत पाटण बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होते. अशा रीतीने मराठी मुलुखाचा आणि पाटणचा संबंध दुहेरी आहे.

या पाटणच्या झवेरीवाड्यात वाडी पार्श्वनाथांचे मंदिर आहे. तेथील शिलालेखानुसार विक्रम संवत १६५१ मध्ये मंदिराच्या कामास आरंभ झाला आणि संवत १६५२ मध्ये, म्हणजे इ. स. १५९६ मध्ये, प्रतिष्ठा झाली. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा बादशहा अकबर होता. त्याने १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकला होता आणि प्रांतात स्थैर्य आले होते. जैन मुनिवरांचा त्याच्या दरबारी मोठा सन्मान होता. खरतरगच्छाचे आचार्य जिनचंद्रसूरी यांना त्याने लाहोरला पाचारण केले, तेथे १५९२ मध्ये त्यांची भेट झाली, त्यांना युगप्रधान ही पदवी मिळाली आणि आषाढ महिन्यातील काही दिवस जीवहिंसा बंद ठेवण्याचे फर्मान निघाले. आपण ज्यांना चौथे दादागुरुदेव म्हणून वंदन करतो, ज्यांच्या पादुका ठिकठिकाणच्या दादावाडीत आहेत, तेच हे आचार्य. वाडी पार्श्वनाथ मंदिराच्या त्या लेखात खरतरगच्छाची पट्टावली दिली असून जिनचंद्रसूरींचा आणि अकबराचा उल्लेख आहे. हा संस्कृत लेख जर्मन पंडित ब्यूलर यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केला.

मंदिराची रचना दोन प्रकारची होती. गर्भगृह पाषाणाचे आणि त्याच्यापुढील मंडप संपूर्ण सागवानी लाकडाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरातत्त्व खात्याचे जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स यांनी उत्तर गुजरातचे सर्वेक्षण केले, तेव्हा त्यांनी हा मंडप जागेवर पाहिला. १९०३ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे.

मंडपाची रचना

या मंडपाचा घुमट पाहिला की देलवाड्याच्या छताची आठवण होते. पाषाणाच्या घुमटात जशी एकावर एक लहान होत जाणारी वर्तुळे असतात, तशीच येथे लाकडात आहेत. खांबांवर तुळया, तुळयांचा अष्टकोन, अष्टकोनावर वर्तुळ आणि वर उमललेल्या कमळासारखा मध्यभाग. आठ दिशांचे स्वामी असलेले अष्टदिक्पाल आपल्या परिवारासह तेथे विराजमान आहेत. त्यांच्या भोवती वादक आणि नर्तकी आहेत. कोणाच्या हाती वाद्य, कोणाचा पाय नृत्याच्या पवित्र्यात. भगवंताच्या जन्मकल्याणकाला देवलोकीचे इंद्र आणि गंधर्व मेरुपर्वतावर एकत्र येतात, तो प्रसंग आपण स्नात्रपूजेत भक्तिभावाने उभा करतो. मंडपात उभे राहून वर पाहणाऱ्या श्रावकाला त्याचेच स्मरण होत असणार. लाकडावर रंग चढविलेला होता, त्याचे अवशेष आजही सापडतात.

सागवान हे या कामासाठी उत्तम लाकूड. त्यात अंगचे तेल असते, त्यामुळे वाळवी सहसा लागत नाही, आणि ऋतुमान बदलले तरी ते फारसे फुगत वा आकसत नाही. गुजरातला ते दक्षिणेकडील डांगच्या जंगलातून, तसेच मलबार किनाऱ्यावरून जहाजांनी येत असे. माझ्या धंद्यातील एक उदाहरण येथे देतो. कापडावर छपाई करण्याचे जे लाकडी ठसे असतात, त्यांसाठी गुजरातमधील पेथापूर हे गाव प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर सागाच्या ठोकळ्यावर इतकी बारीक वेलबुट्टी कोरतात की सुताच्या जाडीची रेघही तुटत नाही. माझ्या वडिलांकडे असे काही जुने ठसे होते. लहानपणी मी त्यांच्याशी खेळत असे. लाकडातील नक्षीची माझी पहिली ओळख ती. मंदिराचा घुमट आणि साडीचा काठ यांतील वेली एकाच घराण्यातील आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

काष्ठमंडपाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घ्यावे. त्याचे भाग स्वतंत्रपणे कोरून, खाचा आणि खुंट्यांनी एकमेकांत बसविलेले असतात. एखादा भाग खराब झाला तर तेवढाच काढून नवा बसविता येतो. याच गुणामुळे असे मंडप शतकानुशतके दुरुस्त होत टिकले. आणि याच गुणामुळे ते उतरवून, पेट्यांत भरून, जहाजावर चढविणेही शक्य झाले.

पाटण ते न्यू यॉर्क

१८८१ मध्ये लॉकवूड डी फॉरेस्ट नावाचा एक तरुण अमेरिकन चित्रकार भारतात आला. अहमदाबादेतील पोळींमधून फिरताना घरांच्या दर्शनी भागांवरील कोरीव काम पाहून तो थक्क झाला. तेथील हठीसिंग या प्रतिष्ठित जैन घराण्यातील मगनभाई हठीसिंग यांच्याशी त्याची ओळख झाली. दिल्ली दरवाजाबाहेरील, १८४८ मध्ये पूर्ण झालेले भगवान धर्मनाथांचे सुप्रसिद्ध मंदिर ज्यांनी बांधले, ते हेच घराणे. या दोघांच्या सहकार्याने अहमदाबाद वुड कार्व्हिंग कंपनी स्थापन झाली. स्थानिक कारागिरांनी जुन्या नमुन्यांवरून कोरलेल्या खिडक्या, तक्तपोशी आणि फर्निचर अमेरिकेतील श्रीमंतांच्या घरी जाऊ लागले. न्यू यॉर्कमध्ये डी फॉरेस्टच्या स्वतःच्या घराला अहमदाबादी कोरीव कामाचा सागवानी गवाक्ष बसविला होता. तो आजही रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसतो.

यातील विरोधाभास ध्यानात घ्यावा. आपल्याकडे ज्या काळात घरोघरी विलायती पद्धतीचे सामान येऊ लागले होते, त्याच काळात विलायतेपलीकडचा एक मनुष्य आपल्या सुतारांना बारमाही काम देत होता आणि त्याचा भागीदार एक जैन गृहस्थ होता. तेव्हा या सर्व व्यवहाराकडे केवळ परकीयांनी केलेली लूट म्हणून पाहणे न्याय्य होणार नाही. मी व्यापारी आहे. विकणारा असल्याशिवाय खरेदी होत नाही, एवढे मला समजते.

वाडी पार्श्वनाथांचा काष्ठमंडप बर्जेस यांच्या सर्वेक्षणानंतरच्या काळात उतरविला गेला आणि डी फॉरेस्ट बंधूंच्या हाती आला. लॉकवूडचे ज्येष्ठ बंधू रॉबर्ट हे त्या वेळी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे अध्यक्ष होते. १९१६ मध्ये दोघा बंधूंनी तो मंडप त्या संग्रहालयास भेट दिला. १९९४ मध्ये तेथे दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या कलेची नवी दालने उघडली, आणि त्यांपैकी एका दालनात घुमट आणि सज्जांचे कोरीव भाग आज पाहावयास मिळतात.

माझी कन्या विवाहानंतर अमेरिकेस स्थायिक झाली. तिच्याकडे गेलो असता जावयांनी मला हे संग्रहालय दाखविण्यास नेले. मला काहीच पूर्वकल्पना नव्हती. बुद्धमूर्ती, कांस्यप्रतिमा पाहत पुढे जात असताना सहज मान वर केली आणि पाय जागीच थांबले. वर आपला रंगमंडप होता! शेजारी इंग्रजीत माहिती होती. जैन, पाटण, गुजरात, सोळावे शतक, सागवान. पायांत बूट होते. ते काढावेत की नाही, हे कळेना. आजूबाजूला माणसे येत होती, छायाचित्रे काढत होती. त्यांच्या वागण्यात अनादर नव्हता, उलट कौतुकच होते. तरीही एक गोष्ट सतत जाणवत होती. रंगमंडप ओलांडला की समोर गर्भगृह यावे आणि भगवंताचे दर्शन व्हावे, तसे काही तेथे नव्हते. दोन वर्षांनी पाटणला जाऊन झवेरीवाड्यात वाडी पार्श्वनाथांचे दर्शन घेतले. पुजाऱ्याने केशर दिले, पूजा झाली. देव पाटणला आहेत आणि त्यांचे छत न्यू यॉर्कला आहे.

अन्य संग्रहालयांतील काष्ठशिल्पे

पाटणचा मंडप हे काही एकमेव उदाहरण नव्हे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी स्थापन केलेल्या बडोद्याच्या संग्रहालयात एक जैन काष्ठमंडप आहे. संग्रहालयाचे तत्कालीन संचालक, जर्मन विद्वान हर्मन गोट्झ यांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. अहमदाबादेतील कॅलिको वस्त्रसंग्रहालय १९४९ मध्ये सुरू झाले. साराभाई परिवाराने तेथे जुन्या घरांचे कोरीव दर्शनी भाग आणून बसविले आहेत. आम्ही कापडवाले तेथे पटोळी पाहण्यास जातो आणि लाकूड पाहत राहतो. त्याच शहरातील लालभाई दलपतभाई संग्रहालयातही काष्ठकाम आहे. महाराष्ट्रातील वाचकांना जवळचे ठिकाण म्हणजे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. तेथे गुजरातमधील कोरीव दरवाजे आहेत. पुण्यास कामानिमित्त जाणाऱ्यांनी तासभर वेळ काढून ते अवश्य पाहावेत. अशा घरदेरासरांच्या द्वारशाखांवर अष्टमंगल, चौदा स्वप्ने, गजलक्ष्मी, मंगलकलश यांची पट्टी असते. ती वाचता येऊ लागली की लहान मुलेही रमतात.

आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यासाठी गुजरातमधील कारागिरांनी पालीताण्याच्या मंदिराची मोठी सागवानी प्रतिकृती घडविली. प्रदर्शन संपल्यावर ती हस्तांतरित होत होत लास व्हेगस या जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातील एका हॉटेलच्या आवारात जाऊन पोहोचली. कोठे शत्रुंजय आणि कोठे ते स्थान! पण पुढे तेथील जैन बांधवांनी ती मिळविली, तिचे भाग जुळविले, डागडुजी केली आणि आज ती दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जैन केंद्रात सन्मानाने उभी आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्या बांधवांनी हे केले.

आपल्या घरची गोष्ट

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच आहे.

आपल्या ट्रस्टची नोंदणी १९७५ ची असली, तरी आपले देरासर त्याहून पुष्कळ जुने. आज सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना जुने देरासर आठवत असेल. बाजारपेठेतील वाड्याच्या माडीवर, अरुंद जिन्याने वर गेले की समोर सागवानी मंडपी होती. चार खांब, खांबांना महिरपी आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक वाद्य वाजविणारी पुतळी. त्यांतील एकीच्या हाती मृदंग होता. पर्युषणात प्रतिक्रमण लांबले की मी आजीच्या मांडीवर डोके ठेवून त्या मृदंगवालीकडे पाहत असे आणि तिचा हात आता हलेल, मग हलेल, अशी वाट पाहत झोपी जात असे. दिव्याच्या काजळीने ती काळी पडली होती, वर तैलरंगाचे थर चढले होते.

१९८९ साली नव्या शिखरबंधी देरासराचे काम सुरू झाले. संघात अपूर्व उत्साह होता. मकराण्याहून संगमरवर आला. त्या वेळी मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होतो आणि वाणिज्य पदवीधर म्हणून बांधकामाचे हिशेब माझ्याकडे सोपविले होते. मूलनायक भगवंतांचे स्थलांतर विधिपूर्वक, मुहूर्तावर, वाजतगाजत झाले. जुन्या मंडपीसाठी मात्र कोणताच विधी नव्हता. जुने सामान घेणारा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला, सौदा झाला, खांब, महिरपी, पुतळ्या सर्व उतरले. चार आकडी रक्कम मिळाली. ती मी देवद्रव्याच्या खाती रीतसर जमा केली आणि तपशिलाच्या रकान्यात लिहिले : ‘जुने लाकूड मोडीत विक्री.’ पावती फाडली, सही केली. हिशेबात एका पैशाचीही चूक नव्हती. लेखापरीक्षकांनी शेरा मारला नाही, सभेत कोणी प्रश्न विचारला नाही. कोणावर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही, कारण ती नोंद माझ्या हातची आहे.

न्यू यॉर्कच्या त्या दालनात वादकांच्या पुतळ्या पाहताना मला हीच ओळ आठवली. पाटणच्या मंडपाचे निदान नाव, गाव आणि काळ एका फलकावर लिहिलेले आहे. आपल्या मंडपीचे एक छायाचित्रही आपल्याकडे नाही. ती कोणत्या सुताराने केली, कोणत्या श्रावकाने करविली, हे सांगणारे वडीलधारे गेले. ती आज कोणाच्या बंगल्यात आहे, की चुलीत गेली, हे कोण सांगणार?

शंभर वर्षांहून जुनी शिल्पे आणि कोरीव कामे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने संरक्षित आहेत, खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत आणि व्यापाऱ्याला परवाना लागतो. परंतु कायदा चोराला अडवितो. ज्याला आपणच मोडीत काढले, त्याला कायदा कसा वाचविणार? २०१७ मध्ये अहमदाबादच्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात पोळींतील लाकडी घरांचा मोठा वाटा आहे. ती घरे ज्यांनी टिकविली, त्यांनी काही मोठा खर्च केला असे नाही. त्यांनी ती पाडली नाहीत, इतकेच.

सुदैवाने सर्वच गेलेले नाही. गेल्या वर्षी उपाश्रयाच्या माळ्यावर आयंबिलची भांडी मोजत असताना एका पातेल्याखाली सुमारे दोन हात लांबीची फळी सापडली. भांडी ठेवण्यासाठी ती आडवी घातलेली होती. पुसून पाहिली तर त्यावर अष्टमंगल कोरलेले निघाले. स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मत्स्ययुगल आणि दर्पण, आठही सुस्थितीत. एका माशाची शेपटी तेवढी तुटली आहे. ही जुन्या मंडपीच्या द्वाराची पट्टी. टेम्पोत चढवायची राहून गेलेली. ती मी ट्रस्टच्या कार्यालयात आणून ठेवली आहे.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाला आणि श्री संघाला माझी नम्र विनंती आहे. ही पट्टी नव्या सभागृहात काचेच्या पेटीत लावावी आणि खाली तिची माहिती लिहावी. उपाश्रयातील आणि आपापल्या घरांतील जुनी बाजोठे, स्थापनाचार्यांच्या ठवण्या, पोथ्यांच्या पेट्या, घरदेरासरे यांची एक यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत. पुढे कधी जीर्णोद्धार निघाला, तर पहिला खांब उतरविण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी. लाकूड जपण्यासाठी फार काही लागत नाही. ओल, वाळवी आणि घाईने मारलेला तैलरंग, या तिन्हींपासून ते दूर ठेवले की पुरे. यादी करण्याचे काम मी आनंदाने करीन. हिशेब लिहिण्याची सवय आहे. एक ओळ चुकीची लिहिली गेली, ती आता खोडता येणार नाही, पण तिच्याखाली नव्या ओळी लिहिता येतील.

अल्पमतीने जे सुचले ते लिहिले. जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.